दोन इंच की चार

सोमवार ते शुक्रवार माझ्या गाडीचं जग एवढंच:
त्रिमूर्तीनगर, मेट्रोच्या खांबांची सावली,
शंकरनगरचा न संपणारा सिग्नल, सिव्हिल लाइन्स.
शनिवारी मात्र ती कुहीकडे वळते,
विहिरींचं पाणी किती खाली गेलं ते मोजायला,
आणि पांदणीतल्या कन्हारात पोट टेकवून बसते
रुसलेल्या म्हशीसारखी.

म्हणून मोठे टायर. तेहतीस इंची.
ते मावायचे तर गाडी उचलायला हवी.
किती, हे विचारायला
वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे, पराते मिस्त्रीकडे गेले.
एप्रिल. चव्वेचाळीस अंश.
पान्हा उचलायचा तरी तो आधी ओल्या फडक्यात गुंडाळत होता.

"म्याडम, चढाचं किती हाय ते नका सांगू मले.
उतराचं किती हाय, रोज, ते सांगा."

मी चार इंच म्हटलं.
त्यानं नाही म्हटलं नाही. नुसतं मोजत गेला:
प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरका होईल, सांधा कुरकुरेल,
स्टीअरिंग सरळ रस्त्यावरही स्वतःच्या मनानं फिरू पाहील,
ब्रेक उशिरा धरतील, वळणावर गाडी झुकेल,
आणि काटा खोटं बोलेल.
काटा साठ म्हणेल तेव्हा तुम्ही सहासष्टनं पळत असाल.
"वय झाल्यावर मानसाचं होते ना,
तसंच, पन उलटं."

मेश्रामबाई तोवर कूलरसमोर बसून होत्या.
वाळ्याच्या ताटीतून थेंब त्यांच्या डब्याच्या पिशवीवर पडत होते.
नऊ वर्षं त्या माझ्या डाव्या सीटवर बसतात,
फेब्रुवारीत रिटायर होतील,
आणि आज केवळ रस्त्यात होतं म्हणून इथे आल्या होत्या.

परातेनं त्यांच्याकडे पाहिलं. मग जॅककडे.
चासिसखाली जॅक लावून गाडी वर घेतली,
चाकं जमिनीवर, अंग तेवढं वर.
फुटपट्टी लावून म्हणाला, "हे दोन. चढा बाई."
मेश्रामबाईंनी हँडल धरलं, निऱ्या सावरल्या,
एक हुंकार, आणि बसल्या.
"उतरा. हे चार."

या वेळी पिशवी आधी माझ्या हातात दिली.
चप्पल काढली.
गुडघा दारापाशी जरा वेळ विचारात पडला.
तरीही चढल्या, आणि वरून,
टपरीच्या पत्र्यापल्याड काहीतरी दिसल्यासारखं बघत, म्हणाल्या,
"एखाद्या दिवशी चढीन गं.
रोज नाही."

परातेनं जॅक सोडला.
हवेचा तो लांब सुस्कारा कोणाचा होता, सांगता यायचं नाही.

दोन इंच. एकतीसचे टायर.
फेंडरची आतली कड थोडी छाटली,
नवे बंपस्टॉप, अलाइनमेंट पुन्हा करून.
घरी येताना मला जरा हरल्यासारखं वाटलं, लपवत नाही.
ढाब्यापाशी कोणाची तरी चार इंच उचललेली उभी होती,
धूळ नाही, चिखल नाही,
टायरांवरचे रबरी केससुद्धा अजून शाबूत.

शनिवारी कुहीला पोट टेकलं नाही.
म्हणजे, एकदाच टेकलं.

सोमवारी ऑफिसच्या फाटकात पूर्ण स्टीअरिंग कापलं
तेव्हा डावीकडून आवाज आला: घर्र.
परातेनं सांगितलंच होतं, "थोडंसं घासन.
कुठंच नाही घासलं त जागा वाया गेली समजा."

मेश्रामबाईंनी विचारलं, "हा कसला गं आवाज?"
म्हटलं, "न घेतलेल्या दोन इंचांचा."
त्यांना ते ऐकू गेलं नसावं.
दारात अडकलेला पदर सोडवत
त्या डब्याचं झाकण घट्ट आहे का ते पाहत होत्या.