फील्डवर्क, वेंगुर्ले बंदर

पुरुष चौकोन, बाई वर्तुळ,
मेलेल्यावर तिरकी रेघ.
परकार मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं.
आज बंदरावर प्रत्यक्ष काम.

द्वारकाबाय कुबल बांगडे मोजता मोजता सांगते,
"साखर कोणाक नाय, ता इचार."
मी चौकोन काळे करत जातो.
थोरला, मधला, दर्यात गेलेला –
त्याचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.
"मग प्रश्नचिन्ह," मॅडम म्हणतात.

एक जनुक पकडायला आलो होतो मी.
इथे तर रापण:
शेकडो बारीक गाठी,
ओढणारे हात किती,
भार नेमका कुठल्या गाठीवर
सांगता येत नाही.

संमतीपत्रावर अंगठा उठवून
तिने विचारलं, "माजो गोल खंयचो?"
दाखवला.
कोरा होता अजून.