टाकी क्रमांक तीन

समुद्र आमच्या कॉलेजात दर मंगळवारी येतो.
आंबा घाट चढून, मासळीच्या टेम्पोत,
बर्फाच्या पेट्यांमागं दडपलेल्या
वीस-वीस लिटरच्या निळ्या कॅनांतून.
मी मोजून घेतो, वहीत सही करतो.
एकतीस वर्षांत बेडकांवर सही केली, झुरळांवर केली,
समुद्रावर कधी केली नव्हती.

इंगवले मॅडमनी तीन टाक्या मांडल्यात.
पहिलीत पाणी आत्ताचं.
दुसरीत, माझा नातू रिटायर होईल तेव्हाचं.
तिसरीतलं कुणाच्या वेळचं
ते मॅडम सांगत नाहीत, नुसती नळी तपासतात.

तिसरीत गॅस सोडायचा, बुडबुड्यांनी, रात्रंदिवस.
एका शनिवारी सिलिंडर संपला
तर गंगावेशीत यासीन सोडावाल्याला उठवला.
तोच गॅस, तोच नट.
'मामा, समुद्राला लिंबू पिळू का?' म्हणाला,
आणि आम्ही दोघं हसलो, अकरा वाजता, रस्त्यावर.

आठ पूर्णांक एकवरून सात पूर्णांक सात.
'एवढंच?' मी विचारलं.
'मामा, ही पट्टी इंचाची नव्हे.
एक पायरी उतरली की आंबटपणा दसपट.
आपण अर्धीसुद्धा उतरलो नाही
तरी अडीचपट झालाय.'
मी जिना उतरताना त्या दिवशी
कठडा धरून उतरलो.

थोरला माझा शिरोलीला फौंड्रीत.
भट्टीचा धूर बघत मोठा झालेला पोरगा,
त्यानं अजून समुद्र बघितला नाही.
धुराला मात्र आंबा घाट लागत नाही, तिकीट लागत नाही,
तो परस्पर जातो,
आणि समुद्र, म्हणे, आल्या धुराला नाही म्हणत नाही.

तिसऱ्या टाकीतल्या तिसऱ्या
आधी नेहमीसारख्या पाय काढून वाळू उकरायच्या.
मग उशिरा मिटायला लागल्या.
मग बोट लावलं तरी
विचार करून मिटायच्या.

आणि त्याच टाकीत ते दुसरे:
काळपट, करंगळीच्या पेराएवढे,
एका दगडाला चिकटून आलेले. मॅडमनी मुद्दाम ठेवले.
जहाजाच्या पोटात भरलेल्या पाण्यातून
कुठल्याशा परक्या बंदरातून आलेत म्हणे.
मासळी बाजारात होडेकरांच्या रुखसारला दाखवला एक, बाटलीतून.
तिनं उलटासुलटा केला.
'ह्याला आमच्याकडं नावच नाही, चाचा.
मागच्या साली नव्हता.
औंदा कालवं फोडायला गेलं की हाच हाताला लागतो.'
बाटली परत देताना तिनं हात पदराला पुसला.

त्यांना आंबट पाणी बाधत नाही,
निदान आमच्या टाकीत तरी.
काचेवर बसले, नळीवर बसले, थर्मामीटरवर बसले.
दिवाळीच्या सुट्टीनंतर कुलूप काढलं
तर एका जिवंत तिसरीच्या पाठीवर सात.
सुतासारखे दोरे टाकून तिचं तोंड शिवलेलं.
मी ब्लेडनं एकेक दोरा कापला.
प्रयोगात हात घालायचा नसतो, माहीत आहे मला.
वहीत लिहिलं नाही.

सांडपाणी मी उकळून ओततो.
एक थेंब कच्चा पंचगंगेत जायला नको,
तिला आधीच काय कमी पाहुणे आहेत?

खिशात चुन्याची डबी असते माझ्या.
वडील सांगायचे, पूर्वी चुना शिंपल्यांचा असायचा,
कोकणातून गोण्या यायच्या, भाजलेल्या.
परवा डबी उघडली
आणि तशीच मिटली.

आज वजनाचा दिवस.
मेलेल्या धुवायच्या, वाळवायच्या, काट्यावर ठेवायच्या.
पंखा बंद करावा लागतो, नाहीतर आकडा हलतो.
पहिल्या टाकीतली टणक, काट्यावर टिक् वाजली.
तिसरीतली ठेवली तर आवाजच नाही.
चिमटीत धरून खिडकीकडं केली,
उजेड आरपार.
मग चिठ्ठीवर ठेवली, ओळख चुकू नये म्हणून,
आणि शिंपल्याच्या आतून
मला माझंच अक्षर दिसलं:
टाकी तीन, चौगले.