डोंगर वगळून

मीटा ओबीस म्हणाली, पोटावर झोप.
गुडघ्यांवर बसणाऱ्याला इथे काही दिसत नसतं.

झोपलो.
पांढऱ्या गारगोट्यांचा उतार. हाडात शिरणारी थंडी.
समुद्र पंचवीस कोसांवर, पण त्याचं धुकं
शेळ्यांच्याही आधी इथवर चालत आलेलं.
नाकासमोर वीतभर जमीन,
आणि बराच वेळ ती नुसतीच जमीन.

मग एक गारगोटी गारगोटी राहिली नाही.
शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी, हिरवट,
माथ्यावर मधोमध चीर,
अंगभर ठिपके, टाके उसवल्यावर कापडावर राहतात तसे.
उन्हाळाभर हे आपल्याच जुन्या पानाच्या
कागदात गुंडाळून पडून असतं.
मेलंय, असं वाटायला लावतं.

"माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे," मीटा म्हणाली.
"लग्न गेलं."

फूल उघडायला अकरा वाजतील.
तोवर रुईबोसचा चहा, बिनदुधाचा,
आणि शाळेतल्या मुलांची असते तसली वही.
तिच्यात रेघा ओढलेल्या, एका रोपाला एक रेघ.
या उतारावर एक्केचाळीस.
पुढचं पान तिनं उलटलं नाही.
मला ते पान माहीत होतं.

तीन वर्षांपूर्वी, त्या सुळक्याच्या पलीकडे,
मी असाच पोटावर झोपलो होतो. एकटा.
फोटो सुरेख आला.
पुढे तीन जांभळी फुलं,
मागे डोंगराची रेघ, दोन शिखरं आणि मधली खाच,
उंटाच्या पाठीसारखी.
रोप कुठे उभं आहे ते दिसायला हवं,
त्याचं घर, त्याचं आभाळ,
असं मी तेव्हा भाषणांतून सांगत असे.
जागेचं नाव मात्र कुठे छापू दिलं नाही.
तेवढी अक्कल होती.

अक्कल रेघेला नव्हती.
ते दोघे आले, भाड्याच्या गाडीतून,
हातात माझा फोटो धरून
डाव्या हाताला सरकत राहिले, सरकत राहिले,
शिखरं शिखरांवर बसेपर्यंत.
मग स्क्रूड्रायव्हर काढले.

पोलिसांना खोके सापडले. वर लिहिलेलं: खेळणी.
आत प्रत्येक रोप टॉयलेट पेपरात गुंडाळलेलं,
जसं काही कुणी जिवापाड जपलंय.
वाचली ती सरकारी रोपवाटिकेत गेली,
तिथल्या भरपूर पाण्यानं फुगली, फुटली.
परत उतारावर लावता येत नाहीत म्हणे.
मीटानं मग खड्डे मोजले.
दोनशे बारा रेघा.

हे सगळं तिनं मला आज सांगितलं नाही.
आज तिनं फक्त विचारलं,
"साखर?"

अकराला पाच कमी असताना चीर रुंदावली.
आतून पाकळ्या आल्या, ओल्या, चुरगळलेल्या,
घाईत घडी मोडलेल्या रुमालासारख्या,
आणि एकेक करून सरळ झाल्या.
मी भिंग जुळवलं.
चौकटीत, वरच्या कडेला, डोंगर आला.
सवयीनं आला.
मी कॅमेरा खाली घालतोय, वर करतोय,
उतारच असा की डोंगर जाता जात नाही.

मीटा उठली. कमरेचा ऍप्रन सोडला,
निळा, पांढऱ्या बुट्ट्यांचा, धुऊन विरलेला,
आणि दोन्ही हातांनी ताणून
फुलाच्या मागे धरला.
"काढ. हात दुखतात माझे."

काढला.

निघताना एक वाळकी फांदी घेऊन
आमच्या पोटांचे, कोपरांचे ठसे तिनं पुसले,
मागे मागे सरकत, थेट गाडीरस्त्यापर्यंत.

मासिकवाल्यांचा निरोप आलाय:
फोटो छान, पण पार्श्वभूमी नैसर्गिक नाही.
स्थळ कळवावे.
आणि उजव्या कोपऱ्यात अंगठा आलाय,
तो कापून पाठवाल का?

स्थळाचा रकाना मी कोरा ठेवलाय.
अंगठा राहू दिलाय.
नखात माती आहे.