दर चौरस किलोमीटरी

मार्चचा पहिला आठवडा. ग्लेन ओरॅकच्या उतारावर
हेदर करपल्यासारखं तपकिरी.
फार्कर पुढे, मी मागे, मध्ये कुत्री.
"पक्षी किती ते हिला विचार, मॉर्व्हेन."
आणि ती सांगतेच.
एक पाय उचलून, शेपटी ताठ करून थांबते,
मग तिच्या नाकासमोरून ग्राऊजची जोडी
फडफडत उठते, भांडकुदळ शेजाऱ्यांसारखी
बडबडत टेकाडापलीकडे जाते.
मी दोन रेघा मारते.
दुपारपर्यंत एकशे एकोणीस, दोन चौरस किलोमीटरांत.
भागाकार सोपा.

सशांचं तसं नाही.
पाऊल अंगावर पडेपर्यंत ससा म्हणजे दगड.
म्हणून नाकासमोर सरळ चालायचं,
दिसला की अंतर मोजायचं, कोन लिहायचा,
आणि न दिसलेले किती
ते एका सूत्रावर सोपवायचं.
फार्करला ते सूत्र मान्य नाही.

त्याच्या वडिलांची वही माझ्याकडे आहे.
पानांना अजून मेंढ्यांच्या औषधाचा वास.
बासष्ट साल, हाच उतार, एक दिवस:
ससे, चारशे सात.
ते मेलेले.
माझ्या रकान्यातले जिवंत. गेल्या वर्षी चौदा.
चारशे सातातून चौदा वजा होत नाहीत,
हे ऑफिसात तीनदा सांगून झालं.
आलेखात तरी दोन्ही एकाच रेघेवर.

आज मात्र तासाभरात एकतीस!
दुपटीहून जास्त.
मी आकडा मोठ्याने म्हणते.
फार्कर थर्मासचं झाकण फिरवत
नुसती हनुवटी उचलतो.
खाली पांढरे ठिपके,
दोरीवरचे मोजे वाऱ्याने उडून पडावेत तसे.
थंडीचा कोट अंगात घालून बसलेत
आणि बर्फ आलाच नाही.
एकही हलत नाही.
आपण दिसत नाही, अशी प्रत्येकाची खात्री.
मैलभरावरून मी मोजू शकते.
गरुडही.

शेऱ्याच्या चौकटीत जागा दीड ओळ.
'बर्फ नव्हता', मी लिहिते.
खोडते. परत लिहिते.
तेवढ्यात बुटापाशी बत्तिसावा,
कान पाठीला चिकटवून, एक डोळा माझ्यावर.
फार्कर कुत्रीला शीळ घालून
दुसऱ्या बाजूला वळवतो.
मीही बघितलंच नाही असं दाखवत
वळसा घालून जाते.
पेन्सिल हातातच.