कॅसेट नंबर एकशे सतरा

खानापुरात स्टेशन रोडला माझं दुकान.
'घाडी साउंड सर्व्हिस'. पाटी दोन भाषांत,
कानडी मोठी, कायद्यानं,
मराठी उरलेल्या जागेत.
लग्न, वास्तुशांत, निवडणूक,
मागेल त्याला मी आवाज दिला.
पण बावीस वर्षं दर अमावस्येला
माझा माईक निरंजन अज्जांपुढंच.

त्यांच्या मागं उरलं ते असं:
मलप्रभेकाठचा मठ, अकरा एकर ऊस,
एक केस, निकालाआधी अज्जा गेले म्हणून बंद झालेली,
आणि माझ्या कपाटात
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत
दोनशे नऊ कॅसेटी.

अज्जांचं वाक्य कानडीत उठायचं, मराठीत बसायचं.
म्हैस चरत चरत परक्याच्या रानात जाते,
बांध तिला दिसत नाही,
तसं.

माझा बा त्यांच्यामुळं जगला.
रोज गटारीत सापडायचा.
अज्जांनी शपथ घातली नाही, माळ घातली नाही,
म्हणाले, "भट्टीवरनं येताना
माझ्यासाठी एक कौल आण."
रोज एक.
मठाच्या मागच्या खोलीवर छप्पर चढलं
आणि बा मरेपर्यंत कोरडा राहिला.
आईनं अज्जांचा फोटो
देवापेक्षा दोन बोटं वर टांगला.
हे खोटं नाही.
हे मी कुणाला खोटं पाडू देणार नाही.

आता ट्रस्टचे दोन तुकडे.
एकाला समाधीवर कानडी पाहिजे, एकाला मराठी.
दगड दोन वर्षं कोरा पडलाय,
पोरं त्यावर बसून मोबाईल बघतात.
एका गोष्टीत तेवढं दोघांचं एकमत:
"पर्शा, प्रवचनं कॉम्प्युटरवर चढव की.
मागचे आवाज साफ कर."

मागचे आवाज.
कावळा. ऊसाचा ट्रॅक्टर.
कुणाचा तरी खोकला. कुणाचा कशाला, बाचाच.
आणि एकशे सतरा, बाजू दुसरी.
अज्जा सत्यावर बोलून थांबलेत,
माणसं जेवायला गेलीत,
गळ्यातला माईक तसाच.
मी चिंचेखाली वायर गुंडाळतोय, हेडफोन कानाला.
मागच्या खोलीचं दार सरकतं.
दुधाचा पेला ठेवल्याचा आवाज.
मग सत्यव्वाची नीलव्वा, तेरा वर्षांची:
"ब्याड अज्जा."
आणि परत, हळू, "ब्याड."

ब्याड म्हणजे नको.
आमच्या भागात कुठल्याच घरात
या शब्दाला दुभाषी लागत नाही.

त्यापुढं टेपवर आवाज बारीक होत जातो.
खुंटी कुणी फिरवली
ते टेपवर नाही.

सहा वर्षांनी नीलव्वानंच केस घातली.
वकिलानं मला विचारलं, काही ऐकलंस?
मी म्हटलं, साहेब, मी यंत्रावरचा माणूस,
माझं लक्ष काट्याकडं.
ती माझ्याकडं बघत होती.
चिडून नाही. भट्टीवरची बाई
कौल टिचक्या मारून बघते,
चिरलंय का,
तसं.

काल बॉक्स खाली काढला.
एकशे सतराची टेप सैल पडलेली.
पेन्सिल घालून फिरवली, एकेक दात.
बा जायचा त्या वाटेवरची भट्टीही आता बंद आहे,
त्याची कौलं मात्र अजून गळत नाहीत,
त्यांच्याखाली काय काय झालं
ते कौलांना विचारायचं कुणी.

शेजारच्या श्रीशैलनं स्क्रीनवर आवाजाची रेघ दाखवली.
ही उंच उंच, ते अज्जा.
इथं सपाट.
आणि इथं हे, केसाएवढं.
"वाढवलं तर स्पष्ट होईल काका.
का कापू?"

फाटकाकडनं गोव्याची मालगाडी यायला लागली.
दुकानाच्या काचा थरथरल्या.
काही बोलण्यात अर्थ नव्हता,
ऐकूच आलं नसतं.
त्याचा हात माउसवर, नजर माझ्यावर.
मी बाहेर बघत
डबे मोजायला लागलो.