काथोडची पाऊणकी

चिंबोरखारला जायचं तर
सेक्टर एकवीसचा सर्कल ओलांडून
टाइल्सच्या गोडाउनमागून डावीकडे.
कमान आहे. तिच्यावर वाढदिवसांचे बॅनर,
त्यामुळे गावाचं नाव
एक बॅनर उतरून दुसरा चढेपर्यंतच वाचता येतं.

घरं एकशे सत्तर, निम्मी चार मजली,
एकमेकांना इतकी खेटून
की पदीबाईच्या फोडणीला
समोरच्या भाडेकरूचं पोर शिंकतं.

पदीबाईचा नवरा काथोड मढवी.
त्याचा बाप उघाडीवाला, बापाचा बापही.
म्हणजे खाडीच्या बांधाला एक लाकडी दार असायचं;
भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं.
शेतातलं पाणी बाहेर,
खाडीचं पाणी बाहेरच.
त्याबद्दल घरटी दोन पायली भात.

मग जमिनी गेल्या, साडेबारा टक्के आले,
साडेबारा टक्केही गेले:
एक बोलेरो, दोन लग्नं,
भावकीतली एक केस, ती अजून चालू.
बांधावर जॉगिंग ट्रॅक झाला.
दाराचं काय झालं, कुणी विचारलं नाही.
भात नाही तर दार कशाला?

काथोड मात्र उठल्याउठल्या तिथी बघतो.
तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास:
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा,
एकादशीला सव्वाआठ.
बेचा पाढा त्याला कधी धड आला नाही.
पाऊणकी तोंडपाठ.

फाल्गुनातल्या अमावास्येला,
आभाळात ढगाचं पिल्लूही नसताना,
मध्यरात्रीच्या सुमाराला
सी लोटसच्या दुसऱ्या तळघरात पाणी आलं.
टायरांना वळसा घालत आलं,
घाई न करता,
पाहुण्याला घर माहीत असावं तसं.

प्लंबर म्हणाला, पाइप ठीक आहेत.
बिल्डरचा माणूस म्हणाला, टाकी फुटली असेल.
टाकी काठोकाठ भरलेली होती.
लहू भोईर, गावातलाच, तिथला वॉचमन,
म्हणाला, साहेब, चाखून बघा.
कुणी चाखलं नाही.

तिसऱ्या रात्री दीड वाजता
सेक्रेटरी व्यंकटरामन कमानीतून आत आले,
रस्त्याला दिवे असूनही
हातात मोबाइलचा टॉर्च लावून.

काथोड रॅम्पवरून खाली उतरला, चप्पल काखेत.
एकशे चौदा नंबरच्या निळ्या गाडीपाशी थांबला.
ही आमची लांबोडी, म्हणाला.
तो खांब हिराजीच्या खाचरात.
मग मनाशी पावलं मोजत,
मध्येच मान तिरपी करून कान देत,
जनरेटरमागच्या भिंतीशी गेला.
भिंत कमरेपर्यंत ओली.
तिच्यावर हात ठेवला, जसा
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात.

"हितं दार होता.
पान्याला वाट द्या,
नायतं ता सोताची करंल."

मिनिट्समध्ये हे आलं नाही.
मिनिट्समध्ये आलं:
जादा पंप दोन, कोटेशन मागवणे.

आता लिफ्टमधल्या कागदावर
अग्निशमन, ॲम्ब्युलन्स, गॅस गळती,
आणि खाली निळ्या पेनाने
काथोड (पाणी), पुढे दहा आकडे,
त्यातला सात एकसारखा दिसतो.
पंधरवडा सरत आला की फोन वाजतो:
काका, आज किती वाजता?

आणि उधाणाच्या रात्री
सी लोटसच्या गाड्या वर निघतात,
एकामागे एक, दिवे मंद करून,
गोडाउनला वळसा घालून कमानीपर्यंत,
पूर्वी याच उंचवट्यावर
म्हशी आणून बांधायचे तशा.
कुणी रात्रीच्या कपड्यांवर, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल.
पदीबाई ओट्यावर बसून मोजते.
नव्वदपर्यंत मोजते, मग कंटाळते.

"घरटी दोन पायली," ती म्हणते,
"मांगलंस का?"

काथोड बोटांची पेरं चाचपतो आहे.
"उद्या पाडवा," तो म्हणतो. "पाऊण वाजता."