चिंधी पांढरी येईपर्यंत

बस, ओव्हाळ. स्टूल ओढ. आधी हात पूस.
फडक्याला, खाकीला नव्हे.
कुणाचा घाम किती खारट, हे लोखंडाला पहिलं कळतं.
एकाने बोल्टवर अंगठा टेकवला
आणि रजेवर गेला फलटणला, बहिणीच्या लग्नाला.
बारा दिवसांनी आला, तर अंगठा इथंच,
तांबडा, रेषान् रेषा उमटलेला.
ठसेवाल्यांनाही इतका स्वच्छ मिळत नाही.
तो मीच. हसू नको.

रिकामी आहे का बघ.
मी सांगितलं रिकामी आहे, तरी तू बघ.
आता बोल्ट काढ. नळी उजेडाकडे धर,
खिडकीकडे, मेट्रोचा खांब दिसतो तिकडे.
काय दिसतं?
काळोख नाही. नीट बघ. काळोखाला चकाकी नसते.

या आठ थ्री-नॉट-थ्री बंदोबस्ताच्या नाहीत,
मानवंदनेच्या आहेत.
माझ्या हाताखाली आल्यापासून यांनी कुणाला मारलं नाही.
गेलेल्या माणसासाठी वैकुंठात
आभाळाकडे तोंड करून तीनदा ओरडून येतात.
लोकांना वाटतं, ब्लँक म्हणजे नुसता आवाज.
आवाजाचीही राख होते, ओव्हाळ.
ती नळीत बसते, ओल ओढते,
आणि पुण्याचा जुलै, धड पडत नाही, धड थांबत नाही,
दोरीवरचे मोजे चौथ्या दिवशीही कुबट.

म्हणून उकळतं पाणी, नरसाळ्यातून.
ही किटली नळीची, ती चहाची.
मागच्या एका साहेबांनी चुकीच्या किटलीतला घेतला,
म्हणाले, आज कडक झालाय.
मी काही बोललो नाही.

आता दोरी. चेंबरकडून सोड, तोंडाकडून ओढ.
एका दमात.
मध्ये थांबलीस तर मळ तिथंच राहतो.
ब्रश बोहरी आळीतला, माझ्या पैशाचा.
स्टोअरकडे मागितला होता. अर्ज अजून चालतोय.

हे सगळं सालगुडे उस्तादांनी शिकवलं.
विसर्जनाच्या रात्री सगळ्यांनाच रस्त्यावर काढतात,
आरमोररलासुद्धा.
अलका चौकात सव्वीस तास उभे होते.
ढोल चालू होते, म्हणून पडल्याचं कुणाला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आठही रायफली वैकुंठातून आल्या.
सात साफ केल्या.
आठवीत चिंधी घातली, काळी. दुसरी, काळी. तिसरी करडी.
रात्रीचे अकरा. पहाऱ्यावरचा म्हणाला,
हवालदार, घरी जा.
म्हटलं, पांढरी आली की जातो.
चौदाव्या चिंधीला उठलो.
बहुतेक पाचवीच पांढरी होती.
मला दिसली नसेल.

थांब, किती ओततेस!
हा अभ्यंग नाही. दोन थेंब.
जास्त तेल धूळ धरतं आणि धूळ ओल धरते.
बोट फिरवलं तर बोट चमकावं, भिजू नये.
आणि मानवंदनेच्या सकाळी नळीतलं तेवढंही पुसून काढायचं,
नाहीतर पहिल्या फैरीला धूर होतो
आणि समोर पहिल्या रांगेत
त्या माणसाची पोरं असतात.

चिंध्या या डब्यात. सुती, धुवून मऊ झालेल्या.
सालगुडे वहिनींनी दिलेली धोतरं आहेत.
पाच होती. हे शेवटचं, तेही अर्धं.
सप्टेंबरात मी निघतो. पुढचं तू बघ.

उद्या सातला आठही जाणार.
कुणासाठी, ते वहीत लिहिलंय. वाचायचं तर वाच.
मी आधी नळी पुसतो,
मग नाव वाचतो.
उलट केलं की हाताला घाम येतो.